पाळणाघराची इमारत आणि तिच्यातले सूक्ष्मजीव : प्रकल्प नोंदी

१० जानेवारी

काम नक्की काय आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद झाला की इथे येऊन बघता येईल. जुनी दोन मजली इमारत, खाली पाळणाघर होणार, वर ऑफिस आणि स्टाफच्या खोल्या. टीममधे आर्किटेक्ट मॅडम, एचव्हीएसीवाले (एसी आणि हवा खेळवण्याचं काम बघणारे) सर, प्लंबिंगचे काका आणि सूक्ष्मजीवांचं बघायला मी. आमच्याकडून अपेक्षा एका ओळीची आहे, "मुलांसाठी पूर्ण जंतुमुक्त इमारत".

मी मीटिंगमधेच सांगितलं की अशी इमारत नसते. माणूस आत आला की त्याचे जंतू त्याच्यासोबत आत येतात. येल विद्यापीठाच्या टीमने २०१२ साली एका वर्गातल्या मोजमापांवरून हिशोब मांडला होता, एक माणूस खोलीत असला की तासाला साधारण ३ कोटी ७० लाख बॅक्टेरियांचे जीनोम (जीनोम म्हणजे एका बॅक्टेरियाचा पूर्ण डीएनए) हवेत जातात, काही अंगावरून झडतात आणि बरेचसे पायाखालची धूळ उडून वर येतात. इथे तर खोलीभर मुलं धावणार, लोळणार, रांगणार. मग कुठले सूक्ष्मजीव कुठे राहणार आणि एका मुलाकडून दुसऱ्याकडे कुठल्या वाटेने जाणार एवढंच आपल्या हातात उरतं, आणि त्यातल्या बऱ्याच वाटा ड्रॉइंगवरच ठरतात. मॅडमना हे पटलं. बाकीच्यांना हळूहळू पटेल.

१३ जानेवारी

इमारत नीट फिरून बघितली. मागच्या बाजूच्या खोलीत शिरल्या शिरल्या कुबट वास आला. बाहेरच्या भिंतीला लागून कपाटं उभी होती, ती ओढली तर मागे काळी बुरशी आणि प्लास्टरचे पोपडे. याच खोलीत लहान बाळांना झोपवायचा प्लॅन आहे.

"रंग मारला की होईल" असं दोघातिघांनी म्हटलं आणि इथे मला अडूनच बसायला लागलं. बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात, या खोलीत, त्या खोलीत, बाहेरच्या हवेत, ते आणायला कुणी लागत नाही. त्यांना कमी पडतं ते फक्त पाणी. भिंतीच्या पृष्ठभागाला लागून असलेल्या हवेची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या आसपास राहिली की एवढं पाणी पुरतं, भिंत हाताला ओली लागायचीही गरज नाही. आणि खोलीच्या मधोमध मीटर ५५ दाखवत असला तरी कपाटामागच्या गार कोपऱ्यात आर्द्रता बरीच जास्त असू शकते, कारण तिथे हवा फिरत नाही आणि भिंतीचं तापमान कमी असतं. म्हणून बुरशी जवळपास नेहमी कोपऱ्यात, बीमखाली, कपाटामागे, खिडकीच्या चौकटीला दिसते.

ब्लीच मारायचाही प्रस्ताव आला. मेलेली बुरशीसुद्धा त्रास देते, तिचे तुकडे आणि बीजाणू श्वासातून गेले की ॲलर्जी व्हायला जिवंत असण्याची अट नाही. सच्छिद्र माल असेल तर काढूनच टाकायचा आणि आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शिका काढली, तिचा भर यावरच आहे. ओलीच्या घरात दम्याचा आणि श्वसनाचा त्रास जास्त असतो हे अनेक देशांच्या अभ्यासात दिसलंय, पण अमुक इतक्या बीजाणूंपर्यंत हवा सुरक्षित असा आकडा त्यांनी दिलेला नाही. म्हणजे बीजाणू मोजत बसण्यापेक्षा ओल शोधणं जास्त उपयोगाचं.

पाणी बाहेरून झिरपतंय की खोलीतलीच वाफ गार भिंतीवर जमतेय हे बघायला प्लास्टिकच्या शीटचे चौकोन चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून आलो. थेंब शीटच्या मागे दिसले तर पाणी भिंतीतून येतंय, पुढच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या हवेतून. साधी युक्ती आहे पण भांडण मिटवते.

१६ जानेवारी

शीटच्या मागेच थेंब. काकांनी वरच्या बाथरूमचा कोबा फोडून बघितला, पाइपच्या भोवतीचं वॉटरप्रूफिंग गेलेलं. आता ते दुरुस्त, मग भिंत पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, मग प्लास्टर, मग रंग. शेड्यूल पुढे जाणार, जाऊदे. बाळांची खोली मॅडम पुढच्या बाजूला हलवतायत, मागच्या खोलीत स्टोअर. आणि सगळ्या फर्निचरला भिंतीपासून हाताच्या पंजाएवढं अंतर, हे ड्रॉइंगवर लिहूनच टाकलं.

पुढे कधीही गळती झाली तर २४ ते ४८ तासांत वाळवायचं हा नियम स्टाफच्या कागदावर पहिला.

२१ जानेवारी

आज हवेचा दिवस. वरच्या मजल्यावर सध्या ट्रेनिंगचे वर्ग चालतात, तिथे दारं खिडक्या बंद ठेवून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) मोजायचा मीटर लावला आणि मधल्या सुट्टीपर्यंत आकडा चढतच गेला. एचव्हीएसीवाले सर म्हणाले, "अहो मॅडम, एसी चालू आहे की." एसी चालू होता, पण तो तीच हवा गार करून परत देत होता, बाहेरची हवा आत येण्याची सोयच त्यात नाही. गारवा आणि ताजी हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजावण्यात अर्धी मीटिंग गेली.

मग मी फळ्यावर गणित मांडलं. बाहेरच्या हवेत सीओटू साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२०. आपण सोडतो त्या श्वासात ४ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे ४० हजार पीपीएमच्या आसपास. खोलीत मीटरने १२०० दाखवलं तर जास्तीचे ७८० लोकांच्या फुफ्फुसातून आले, भागाकार केला की २ टक्के. म्हणजे त्या खोलीत आपण घेतो त्यातला दर पन्नासावा श्वास कुणीतरी आधीच घेऊन सोडलेला असतो. सर एकदम गप्प झाले आणि मग स्वतःच म्हणाले की बाहेरची हवा आणणारा वेगळा डक्ट काढावा लागेल. मला बरं वाटलं, कारण यापुढे हा मुद्दा तेच लावून धरतील.

खिडक्यांबद्दल. ओरेगॉन विद्यापीठाच्या गटाने २०१२ साली एका हॉस्पिटलच्या खोल्यांमधली हवा तपासली. यंत्राने हवा दिलेल्या खोल्यांमधे बॅक्टेरियांची विविधता कमी होती आणि माणसाच्या रोगजंतूंचे जवळचे नातेवाईक म्हणता येतील अशांचं प्रमाण जास्त होतं. खिडकी उघडी असलेल्या खोल्यांची हवा बाहेरच्या हवेच्या जास्त जवळची, माती पानं झाडं यांच्यावरचे जंतू जास्त. त्यावरून उघडी खिडकी म्हणजे कमी आजार असा निष्कर्ष थेट काढता येत नाही, तो अभ्यास आजार मोजतच नव्हता. पण इमारतीची रचना बदलली की आतली जीवसृष्टी बदलते हे त्यातून पक्कं दिसलं. आमच्याकडे रस्त्याच्या बाजूला धूर आहे, तिकडच्या खिडक्या बंद आणि हवा मर्व्ह १३ दर्जाच्या, म्हणजे बारीक कणही अडवणाऱ्या फिल्टरमधून, अंगणाच्या बाजूच्या खिडक्या पूर्ण उघडणाऱ्या, बाळं चढू शकणार नाहीत एवढ्या उंचीवर.

एसीच्या ड्रेन पॅनला (एसीतलं पाणी जमा होतं ती थाळी) उतार द्या हे सरांना तीनदा सांगितलं. तिथे पाणी साचलं की बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा बुळबुळीत थर, धरते आणि वरून जाणारी हवा थेट खोलीत.

२३ जानेवारी

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्यांचा विषय निघाला. छताजवळ लावायचे २५४ नॅनोमीटरचे दिवे, किरण डोक्याच्या वर राहतात, हवा वर जाते तेव्हा निर्जंतुक होऊन खाली येते. विल्यम वेल्स या अमेरिकन संशोधकांनी फिलाडेल्फियाजवळच्या शाळांमधे हे १९३७ पासून करून बघितलं आणि १९४१ च्या गोवराच्या साथीत दिवे लावलेल्या वर्गांमधे गोवर कितीतरी कमी पसरला. पुढे दुसऱ्या शाळांमधे हाच प्रयोग केला तेव्हा तितका फरक दिसला नाही, एक कारण असं मानतात की मुलं शाळेच्या बसमधे आणि बाहेर एकत्रच असायची, तिथे दिवे नव्हते. मला यातून आमच्यासाठी हे दिसतं की हवेची सोय सगळ्या सामायिक जागांमधे हवी. मुलं जिथे बूट घालतात तो चिंचोळा पॅसेज प्लॅनमधे खिडकीशिवाय होता, तिथे सकाळ संध्याकाळ सगळे एकदम गोळा होणार. मॅडमनी तिथे व्हेंटिलेटर काढला. दिवे सध्या नाही, डक्ट आणि खिडक्या आधी.

२९ जानेवारी

पाणी. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे, कारण भिंतीवरची बुरशी निदान डोळ्यांना दिसते.

१९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं संमेलन झालं आणि नंतर माणसं न्यूमोनियाने आजारी पडायला लागली, कित्येक दगावली. कारण कळायला पुढचं वर्ष उजाडलं, लीजनेला नावाचा बॅक्टेरिया. तो साध्या पाण्यातला रहिवासी आहे, पाण्यातल्या अमीबाच्या पोटात राहून वाढतो, त्यामुळे क्लोरीनपासूनही थोडा वाचतो. २० ते ४५ अंश सेल्सिअस हे त्याचं आवडतं तापमान. पाणी प्यायल्याने तो सहसा त्रास देत नाही, शॉवर, कूलिंग टॉवर, फवारा अशातून बारीक तुषार फुफ्फुसात गेले की देतो. म्हणजे गरम पाण्याची टाकी ६० अंशाला ठेवायची आणि परत येणाऱ्या लाइनमधे ५० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. पण ६० अंशाचं पाणी लहान मुलाच्या हातावर पडलं तर काही सेकंदात भाजतं. दोन्ही धोके खरे, आणि तापमान मधेच ४० वर ठेवून तडजोड केली तर बॅक्टेरियाची सोय होते. उपाय म्हणजे टाकी गरम ठेवायची आणि गार पाणी मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह नळाच्या अगदी जवळ लावायचा, म्हणजे कोमट पाण्याचा पाइप वीतभरच राहतो.

काकांचं कौतुक करायला हवं, त्यांनी जुन्या लाइनमधले बंद करून ठेवलेले तुकडे, ज्यांना डेड लेग म्हणतात, एकेक शोधून मुळापासून कापले. "ताई, यात पाणी किती वर्षं उभं असेल" म्हणत कापलेला एक पाइप दाखवला, आतून तपकिरी बुळबुळीत थर. तोच बायोफिल्म. आर्किटेक्चरच्या मुलांना हा पाइप हातात द्यायला हवा.

१ फेब्रुवारी

नहाणी ट्रॅप. हा विषय कुणाला महत्त्वाचा वाटत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

२००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स पसरला, ३०० पेक्षा जास्त रहिवाशांना झाला. तपासात पुढे आलेली वाट अशी: बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखाली यू आकाराचा ट्रॅप असतो, त्यात साठलेलं पाणी खालच्या ड्रेनेजची हवा वर येऊ देत नाही. लोक बाथरूम पुसून घ्यायचे, जमिनीवर पाणी ओतायचे नाहीत, ट्रॅप कोरडे पडले. त्यात दार लावून एक्झॉस्ट फॅन लावला की फॅन ड्रेनेजच्या पाइपमधूनच हवा ओढायचा, आणि त्या पाइपमधे आजारी माणसाच्या शौचातले तुषार. ट्रॅप आणि फॅन वेगवेगळे बघितले तर दोन्ही साध्या वस्तू, पण एकत्र येऊन त्यांनी वाट तयार केली. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण फॅन एकाच्या ड्रॉइंगवर असतो आणि ट्रॅप दुसऱ्याच्या, दोन्ही ड्रॉइंग एकत्र ठेवून कुणी बघत नाही.

आज आम्ही ती दोन्ही ड्रॉइंग एकत्र ठेवून बघितली. बाळांचे लंगोट बदलायच्या खोलीत जोरदार एक्झॉस्ट फॅन आणि क्वचितच पाणी पडेल असा ट्रॅप, दाराखाली फट नाही. दाराला खाली जाळी दिली म्हणजे फॅनला हवा खोलीतून मिळेल, हात धुवायच्या बेसिनचं पाणी ट्रॅपमधून जाईल असं काकांनी जोडलं, म्हणजे तो कायम भरलेला राहील. बेसिनचा नळ बेसिनमधल्या जाळीच्या थेट वर नको हेही सांगितलं. ड्रेनमधली बायोफिल्म पाइपमधून वर चढत येते, प्रयोगात दिवसाला साधारण अडीच सेंटीमीटर वेगाने चढलेली दिसलीय, आणि ती जाळीपर्यंत पोचली की नळाची धार तिच्यावर पडून शिंतोडे बाहेर येतात. धार बेसिनच्या उतारावर पडली पाहिजे, काम झालं.

६ फेब्रुवारी

कुणीतरी जंतुनाशक रंगाचं आणि जंतुनाशक मॅटचं माहितीपत्रक आणलं. मी नको म्हटलं आणि कारणं लेखी दिली. पहिलं, भिंतीवरून मुलांना आजार होतात हे प्रमाण हवा आणि हातांच्या मानाने कमी. दुसरं, रंगावर धुळीचा थर बसला की जंतू रंगावर नसतातच, धुळीवर असतात. तिसरं, अशी रसायनं झडून धुळीतच जातात. ट्रायक्लोसान हे जंतुनाशक घ्या, अमेरिकेच्या एफडीएने (औषध आणि अन्न तपासणारी सरकारी संस्था) २०१६ मधे घरगुती हात धुण्याच्या साबणातून ते आणि आणखी १८ घटक बाद केले, कारण साध्या साबणापेक्षा जास्त फायदा होतो हे उत्पादकांना दाखवता आलं नाही. त्याच वर्षी ओरेगॉनच्या गटाला इमारतीच्या धुळीत ट्रायक्लोसान जास्त तिथे प्रतिजैविकांना दाद न देणारी काही जनुकंही जास्त दिसली. कारण आणि परिणाम त्यातून सिद्ध होत नाही, पण ज्याचा फायदा दिसत नाही ते मुलांच्या खोलीत का आणायचं.

मालक जरा नाराज झाले. त्यांची भीती खरी आहे, पालक विचारणार, "जंतूंसाठी काय केलंय?" आणि डक्ट किंवा नहाणी ट्रॅप दाखवून कुणाचं समाधान होत नाही. मी म्हटलं दाराशी सीओटूचा मीटर लावा, सगळ्यांना दिसेल असा.

८ फेब्रुवारी

फरशी की कार्पेट. रांगणारं बाळ जमिनीपासून वीतभर उंचीवरची हवा घेतं. फिनलंडमधे रांगणारा रोबो करून खऱ्या कार्पेटवर चालवला होता, तेव्हा दिसलं की वजनाच्या हिशोबात बाळाच्या श्वसनमार्गात मोठ्या माणसाच्या जवळपास चौपट धूळ जाते. संशोधकांनी त्यात हेही म्हटलंय की ही सगळी धूळ वाईटच असं नाही. आम्ही धुता येणारी मऊ शीट घेतोय, ओलं पुसणं, झाडू नाही. कारण ओलसर कार्पेट वाळायला वेळ लागतो, आणि बाळांच्या खोलीत काही ना काही रोज सांडणार.

पडदे हलके. २०१८ साली छोट्या मॉडेल खोल्यांमधे घरातली धूळ ९० दिवस ठेवून बघितली, अंधारात सरासरी १२ टक्के बॅक्टेरिया जिवंत राहिले, काचेतून दिवसाचा प्रकाश मिळाला तिथे ६.८ आणि यूव्ही मिळाला तिथे ६.१. म्हणजे साध्या उजेडाने जवळपास तेवढंच काम केलं. मॅडमनी पूर्वेची खिडकी मोठी केली, त्या तशाही करणारच होत्या.

१४ फेब्रुवारी

आज अंगणावर बोललो आणि आजची चर्चा मला सगळ्यात आवडली, कारण एवढे दिवस मी फक्त "हे नको ते नको" म्हणत होते.

अंगणात सिंथेटिक गवत टाकायचं ठरलेलं होतं, स्वच्छ दिसतं म्हणून. मी दोन अभ्यास मांडले. एक २०१६ चा, अमेरिकेतले आमिश आणि हटराइट, दोन्ही शेतकरी समाज, वंश जवळचा, राहणी बऱ्याच बाबतीत सारखी. आमिश मुलांमधे दमा ५.२ टक्के, हटराइट मुलांमधे २१.३. आमिश घराला लागून गोठा, जुन्या पद्धतीची शेती, मुलं जनावरांमधे वाढतात, हटराइट लोकांची शेती यांत्रिक आणि घरापासून लांब. आमिश घरांच्या धुळीत एंडोटॉक्सिन, म्हणजे काही बॅक्टेरियांच्या बाहेरच्या आवरणाचा अंश, ६.८ पट जास्त मिळाला, आणि त्या धुळीचा अर्क उंदरांच्या नाकात घातला तर त्यांना दम्यासारख्या प्रतिक्रियेपासून संरक्षण मिळालं. दुसरा फिनलंडचा, २०२० चा. पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली जमीन, म्हणजे माती, शेवाळ, झुडपं सगळ्यासकट आणून बसवली आणि ३ ते ५ वर्षांची मुलं २८ दिवस त्यात खेळली. त्वचेवरच्या बॅक्टेरियांची विविधता वाढली आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या खुणा नियंत्रित, शांत प्रतिक्रियेकडे झुकल्या. मुलं थोडीच होती आणि ॲलर्जी कमी झाली की नाही हे त्यात मोजलं नव्हतं, हे मी स्पष्ट सांगितलं, जास्तीचा दावा करायचा नाही.

"मग घाण चांगली का?" सरांनी विचारलं. ओल्या भिंतीवरची बुरशी, पाइपातली बायोफिल्म, दुसऱ्याच्या खोकल्यातले विषाणू हे एकीकडे आणि अंगणातली माती दुसरीकडे, या दोन्हीला एकच शब्द लावला की सगळा घोळ होतो, एवढंच मी म्हटलं. सिंथेटिक गवत रद्द. माती, गवत, झुडपं, पालापाचोळ्याचा एक कोपरा. माती कुठून येते ते तपासायचं, शिसं आणि इतर जड धातूंची चाचणी करूनच आणायची, भटक्या मांजरांनी वाळूत घाण करू नये म्हणून वाळूच्या हौदाला झाकण. आत येताना हात साबणाने धुणं आहेच, त्यासाठी बेसिन दाराशीच, मुलांच्या उंचीवर.

२० फेब्रुवारी

भिंत वाळली, मीटरने खात्री केली. प्लास्टर सुरू.

३ मार्च

सॅम्पलिंगचा आराखडा पक्का. मुलं यायच्या आधी एकदा, आल्यानंतर ठरावीक अंतराने, जागा कायम त्याच: दाराची मूठ, बाळांच्या खोलीची जमीन, खिडकीची चौकट, बेसिनची जाळी, डक्टचं तोंड, आणि आपोआप बसणारी धूळ गोळा करायला उंचावर ठेवलेल्या रिकाम्या पेट्री डिश. शिकागो विद्यापीठाचं नवीन हॉस्पिटल २०१३ मधे उघडलं तेव्हा त्यांनी उघडायच्या आधीपासून वर्षभर असंच केलं होतं. पहिल्या दिवशी खोलीतले जंतू पेशंटच्या त्वचेवर जायचे, नंतर उलटं, पेशंटचे खोलीत. घरांच्या २०१४ च्या अभ्यासातही तेच, कुटुंबाने घर बदललं की थोड्याच दिवसात नवीन घर सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने जुन्यासारखं व्हायचं. आमची इमारतही मुलांसारखी होत जाणार, त्याआधीचं चित्र हातात असलं तरच फरक ओळखता येईल.

लॅबला लिहून दिलेल्या अटी: प्रत्येक फेरीत न वापरलेले स्वॅब (नमुना घ्यायचे कापसाचे बोळे) फील्ड ब्लँक म्हणून, म्हणजे तुलनेसाठी कोरा नमुना, आणि डीएनए वेगळा काढायच्या एक्स्ट्रॅक्शन किटचाही ब्लँक. एवढ्या कमी जंतूंच्या नमुन्यात किटमधलाच डीएनए मोठा दिसतो, २०१४ मधे हे नीट दाखवलं गेलं आणि त्यानंतर ब्लँक न ठेवलेल्या अभ्यासांवर मी तरी विसंबत नाही. डीएनएवरून ओळख पटवायला बॅक्टेरियांसाठी १६एस जनुक, बुरशीसाठी आयटीएस हा डीएनएचा तुकडा. डीएनए मेलेल्याचाही मोजला जातो म्हणून काही जागांचे नमुने प्लेटवर वाढवूनही बघायचे. आणि गरम पाण्याची लीजनेला चाचणी वेगळी, ती पाळणाघर उघडायच्या आधी झालीच पाहिजे.

११ मार्च

पाण्याचा रिपोर्ट आला, लीजनेला आढळला नाही. वरच्या मजल्यावरचा एक नळ कुणी वापरत नाही, तो आठवड्याला काही मिनिटं सोडायचा हे स्टाफच्या तक्त्यात टाकलं, शेजारी सहीचा रकाना. त्याच तक्त्यात एसीचा ड्रेन पॅन, फिल्टर बदलल्याची तारीख आणि टाकीचं तापमान. तक्ता पँट्रीच्या आतल्या बाजूला लावणार होते, पण मावशी म्हणाल्या की तिथे कुणी बघत नाही, हजेरीच्या वहीशेजारी लावा. तिथेच लावला. मुलं सोमवारपासून येतायत, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी आणि काका येऊन पहिले स्वॅब घेणार.